पेवातली ज्वारी

जुन्या गावठाणात अरुंद तोंडाचा खोल खड्डा दिसला, तर ते पेव असावे असे खुशाल समजा. कठीण मुरमात ते खणीत. तोंड माणूस उतरेल एवढेच, पोट मात्र घागरीसारखे फुगीर. आत जाळ करून ओल घालवायची, कडेने काड लावायचे, ज्वारी ओतायची आणि दगड ठेवून वरून माती लिंपायची. हवा कोंडली की किडा जगत नाही. पेव उघडल्यावर मात्र आधी दिवा सोडून पाहत. तो विझला तर खाली उतरायचे नाही.

आता तुम्ही म्हणाल, इतिहासाच्या भाषणात हा खड्डा कशाला? सांगतो.

समजा, एका घरची जमीन बऱ्या साली वीस पोती ज्वारी देते. खायला बारा, बी-बियाणे आणि बलुत्याला तीन, उरली पाच. पुढच्या साली पाऊस दगा देतो, नऊच पोती येतात. पेवात पाच असतील तर तूट एकाच पोत्याची. पेव रिकामे असेल तर सहा पोती उसनी आणावी लागतात, तीही दिढीने. म्हणजे फेडताना नऊ. तिसऱ्या साली पुन्हा वीस पिकतात, पण नऊ सावकाराच्या घरी जातात आणि हाती अकरा राहतात. लागतात तर पंधरा! पीक चांगले आले, तरी कर्ज कायमच.

इंग्रजी अमदानीत सारा रोख भरावा लागे. त्यासाठी सुगीतच, भाव पडलेला असताना, धान्य विकावे लागे आणि पेवात पडायचे ते बाजारात जाई. 1875 साली पुणे जिल्ह्यात सुप्याला लोकांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले, त्यामागे हा हिशेबही होता. 1896-97 च्या दुष्काळात शाहू महाराजांना कोल्हापुरात स्वस्त धान्याची दुकाने उघडावी लागली.

त्याच महाराजांनी 1895 साली शाहूपुरी वसवली आणि कोल्हापूरचा गूळ दूरवर गेला. पैसा आला, हे खरेच. पण गूळ पेवात राहत नाही. पावसाळी हवेत पाघळतो. शिवाय अडत्याची उचल घेतलेली असली, तर माल त्याच्याच अडतीवर घालायचा. उत्पन्न वाढले, पण थांबून विकण्याची ताकद त्या मानाने वाढली नाही, असे माझे मत आहे. सांगलीजवळ हरिपुरात हळदीची पेवे होती. खड्डा तोच, पण तो व्यापाराचा; भाव येईपर्यंत थांबण्याची सोय ज्याचा माल आत, त्याची!

1957 साली राज्यात वखार महामंडळ निघाले. माल वखारीत ठेवायचा, पावती घ्यायची आणि तिच्यावर बँकेकडून कर्ज उचलायचे, अशी ही सोय. जुने पेव एवढे करू शकत नव्हते. मात्र घरात खायला आहे, त्यालाच वखारीत ठेवायला काही उरते.

गुरुजींनी वरचा हिशेब मुलांकडून फळ्यावर मांडून घ्यावा. दिढीऐवजी सवाई धरली, तरी तिसऱ्या साली अडीच पोती कमीच पडतात.