काचसफाई, पावसाळ्यातील

उंच इमारतींच्या बाहेरील काचा पावसाच्या दिवसांत शिडी, झुला, दोर किंवा लांब पोल वापरून धुण्याचे काम व त्यातील सुरक्षितता. मुंबईत मोसमी पाऊस साधारणपणे जूनच्या दुसऱ्या आठवड्यात येतो आणि ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात परततो. वर्षाचा जवळजवळ तिसरा हिस्सा हे काम ओल्यातच करावे लागते. काचेवर पडणारे पाणी हा त्यातला मुख्य धोका मानला जातो, पण तो दुय्यम आहे. अपघात ठरतो तो कामगाराचा भार पेलणाऱ्या शिडीवर, कठड्यावर, दोरावर व तो जिथे बांधतात त्या अँकरवर, आणि काम थांबवण्याचा शब्द कोणाचा चालतो यावर.

पाऊस चालू असताना काच धुणे वाया जाते, हा समज अर्धाच खरा आहे. पाण्यातले क्षार आणि धूळ वाळून मागे राहिली की डाग उमटतात. पावसाच्या पाण्यात क्षार बोअरच्या पाण्यापेक्षा पुष्कळ कमी असतात. समुद्रालगत वाऱ्याबरोबर येणारे खारे तुषार हा त्याला अपवाद. क्षार काढलेले पाणी पोलातून चढवून जमिनीवरूनच काच घासण्याची पद्धत रिमझिम पावसातही चालते. खालच्या मजल्यांसाठी पावसाळ्यात तिलाच पहिली पसंती द्यावी, कारण तीत माणूस वर चढतच नाही. मात्र कार्बन तंतूचा पोल विजेचा वाहक असतो आणि ओला झाल्यावर इतर पोलांवरही विसंबता येत नाही, म्हणून तारांजवळ पोल वापरू नये.

शिडी लावायचीच झाली तर तिचा उतार ७५ अंश ठेवावा, म्हणजे चार फूट उंचीला पायथा भिंतीपासून एक फूट बाहेर येतो. शेवाळलेल्या फरशीवर ती लावूच नये.

दोराबाबत ‘ओला दोर तुटतो’ अशी ढोबळ भीती असते. ती तपासून पाहावी लागते. नायलॉन पाणी शोषते आणि भिजल्यावर त्याची ताकद दहा टक्के किंवा त्याहून काहीशी अधिक घटते; पॉलिएस्टरमध्ये ही घट नगण्य असते. युरोपीय मानक ईएन १८९१ नुसार अ-प्रकारच्या दोराची किमान ताकद २२ किलोन्यूटन असावी लागते, तर १०० किलो वजनाच्या माणसाचा स्थिर भार सुमारे १ किलोन्यूटन भरतो. एवढ्या फरकात दहा-पंधरा टक्क्यांची घट पचते. खरी झीज होते ती कठड्याच्या धारेवर, कारण ओले नायलॉन घासण्यास कमी टिकते आणि झुलणारा दोर एकाच जागी घासत राहतो. म्हणून धारेवर संरक्षक आवरण हवे; कामाचा व सुरक्षेचा असे दोन दोर हवेत आणि त्यांचे अँकरही वेगळे हवेत. दोन्ही दोर पाण्याच्या एकाच टाकीच्या पाइपाला बांधले, तर दुसऱ्या दोराला काही अर्थ उरत नाही. ओल्या दोरावर उतरण्याच्या साधनाची पकडही बदलते, त्यामुळे पहिली उतरण सावकाश घेऊन ती अजमावावी लागते. दोर सावलीत वाळवावा, कारण उन्हातील अतिनील किरणांनी नायलॉन कमकुवत होते. जुलैच्या दमट हवेत तो एका रात्रीत वाळत नाही. तेव्हा पावसाळ्यासाठी दोरांचा दुसरा संच ही चैन मानता येणार नाही. काथ्याचे व इतर नैसर्गिक तंतूंचे दोर ओलाव्याने आतून कुजतात, बाहेरून ते कळतही नाही. माणसाच्या भारासाठी ते वापरूच नयेत.

वाऱ्याचा विचार मात्र फार कमी होतो. हवामान खात्याचा वेग १० मीटर उंचीवर मोजलेला असतो. शंभर मीटरवर तो दीडपट किंवा अधिक असू शकतो, शिवाय इमारतीच्या कोपऱ्यांवर वाढतो. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने दीडपट वेग म्हणजे सव्वादोनपट धक्का. खाली जाणवणारी झुळूक हा पुरावा धरू नये. वेगमापक गच्चीवर असावा. वीज चमकल्यापासून ३० सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर ती सुमारे १० किमी.च्या आत असते. काम थांबवून शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटे थांबावे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचे ‘दामिनी’ ॲप जवळपासच्या विजांची सूचना देते.

हार्नेस आणि दोन दोर असले की हवामानाने काय बिघडते, असा आक्षेप घेतला जातो. ही साधने पडणे रोखतात. वाऱ्याने काचेवर आपटणे रोखत नाहीत. शिवाय हार्नेसमध्ये निश्चल लटकलेल्या माणसाला लवकर खाली घेतले नाही, तर ते लटकणेच जिवावर बेतू शकते, आणि ओल्या गच्चीवरून सुटका करणे अधिक अवघड जाते. दुसऱ्या टोकाचे मत चार महिने काम पूर्ण बंद ठेवण्याचे. त्यातून कामगार सुरक्षित होतोच असे नाही. रोजगार बुडालेला माणूस त्याच पावसात छपरावर ताडपत्री बांधायला किंवा गळती काढायला जाऊ शकतो, आणि तिथे बहुधा एकही दोर नसतो.

ब्रिटनच्या २००५ च्या नियमांनुसार हवामानामुळे आरोग्याला किंवा सुरक्षिततेला धोका नसेल तेव्हाच उंचीवर काम करवून घेता येते. अमेरिकेच्या २०१६ च्या नियमांत वादळ किंवा जोरदार वाऱ्यात दोरावरून उतरण्यास मनाई आहे, तसेच अँकर तपासून प्रमाणित केल्याचे इमारतमालकाने लेखी कळवणे सक्तीचे आहे. दोन्हीकडे वाऱ्याचा आकडा दिलेला नाही, त्यामुळे निर्णय जागेवरच्या माणसावर येतो. भारतात १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याच्या व्याख्येत इमारतीची देखभाल येत असे. काचसफाई तीत मोडते का, याबाबत मतभेद संभवत होते. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत गंभीर धोका वाटल्यास मालकाला व निरीक्षकाला कळवण्याचा हक्क आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १९८१ चा करार क्र. १५५ त्यापुढे जातो. गंभीर धोक्यातून बाजूला झालेल्या कामगाराला त्याची झळ बसू नये, असे त्यात म्हटले आहे. रोजंदारीवर ही झळ खाड्याच्या रूपाने बसते. काम थांबले की हजेरी कापली जात असेल, तर दोरावरचा माणूस वाऱ्याकडे दुर्लक्ष करणारच. ठेकेदारांचे म्हणणे असे, की भरपगारी थांबण्याने दर वाढतील. वाढतील, पण पावसाचे दिवस आधीच ठाऊक असल्याने थांबलेल्या तासांची मजुरी सोसायटीला निविदेतच धरता येते, आणि ‘थांबा’ म्हणण्याचा अधिकार मुकादमाइतकाच दोरावरच्या माणसालाही करारात लिहून देता येतो.