मांजर वाटीपाशी येतं, पण न खाता परत जातं? कारण वय नसून तोंडाचं दुखणं असू शकतं

घरातलं मांजर बारा-तेरा वर्षांचं झालंय. वाटीचा आवाज आला की अजूनही धावत येतं. वास घेतं, एक घास तोंडात घेतं आणि दचकून मागे सरकतं. "वय झालं आता, भूक कमी झाली," असं म्हणून आपण विषय सोडून देतो.

पण जरा विचार करा. भूक नसती तर ते धावत आलं असतं का? अशा वेळी अनेकदा मांजराला भूक असते, पण तोंड दुखत असल्यामुळे खाता येत नसतं.

दुखणं लक्षात का येत नाही?

मांजर वेदना लपवतं. दात दुखत असला तरी बरीच मांजरं खात राहतात. त्यामुळे 'खातंय म्हणजे ठीक आहे' हा समज चुकीचा ठरू शकतो.

या गोष्टींकडे लक्ष द्या

- एकाच बाजूने चावणं, मान वाकडी करून खाणं
- तोंडातून दाणे खाली पडणं
- कोरडं खाणं सोडून फक्त मऊ किंवा पातळ खाणं
- लाळ गळणं, लाळेत रक्त दिसणं
- तोंडाला उग्र वास येणं
- पंजाने तोंड घासणं
- अंग चाटणं कमी होऊन केसांच्या गाठी होणं
- गालाला हात लावू न देणं, कोपऱ्यात लपून बसणं

चेहराही बरंच सांगतो. कॅनडातल्या माँट्रियल विद्यापीठातल्या संशोधकांनी 2019 मध्ये 'फेलाइन ग्रिमेस स्केल' ही पद्धत मांडली. त्यात कान, डोळे, तोंडाभोवतीचा ताण, मिशा आणि डोक्याची स्थिती अशा पाच गोष्टी पाहून वेदनेचा अंदाज घेतात. बाहेरच्या बाजूला वळलेले कान, बारीक केलेले डोळे आणि खाली झुकलेलं डोकं ही वेदनेची लक्षणं असू शकतात.

कारणं काय असतात?

मोठ्या मांजराला 30 दात असतात. त्यावर कीटण साचून हिरड्या सुजतात. काही मांजरांत दात आतून झिजत, विरघळत जातो. सुरुवातीला हे बाहेरून दिसत नाही, एक्स-रे काढावा लागतो. काहींच्या संपूर्ण तोंडाला सूज येते. म्हाताऱ्या मांजरांत तोंडाचा कॅन्सरही होतो, म्हणून जबड्यावरची गाठ किंवा न भरणारी जखम लगेच दाखवा.

कधी मूळ आजार दुसरीकडेच असतो. किडनी बिघडली की तोंडात फोड येतात आणि श्वासाला अमोनियासारखा वास येतो. जास्त पाणी पिणं, जास्त लघवी करणं हीसुद्धा किडनीच्या आजाराची किंवा डायबिटीसची खूण असू शकते.

किती वाट पाहायची?

24 तास काहीच खाल्लं नाही तर डॉक्टरांना फोन करा. मांजर काही दिवस उपाशी राहिलं तर लिव्हरमध्ये चरबी साठून जिवावर बेतू शकतं. लठ्ठ मांजरांना हा धोका जास्त असतो.

वजनही बघत राहा. 4 किलोच्या मांजराचं 400 ग्रॅम वजन घटणं म्हणजे 60 किलोच्या माणसाचं 6 किलो घटणं.

हे अजिबात करू नका

माणसांची वेदनाशामक गोळी देऊ नका. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते, कारण त्याचं शरीर हे औषध नीट पचवू शकत नाही. आयबुप्रोफेनही विषारीच. माणसांची टूथपेस्ट वापरू नका आणि जबरदस्तीने तोंड उघडू नका.

डॉक्टरांकडे जाताना

मांजर खात असतानाचा मोबाइल व्हिडिओ काढून न्या. दवाखान्यात घाबरलेलं मांजर काही खाणार नाही, पण व्हिडिओ डॉक्टरांच्या उपयोगी पडेल. 'या वयात भूल कशी द्यायची?' ही भीती स्वाभाविक आहे. मात्र वय हा आजार नाही. रक्ततपासणी करून धोका किती आहे, हे डॉक्टर ठरवू शकतात. दहा वर्षांपुढच्या मांजराची दर सहा महिन्यांनी तपासणी केलेली चांगली.

दुखरा दात काढल्यावर अनेक मांजरं पुन्हा नीट खाऊ लागतात. तेव्हा घरच्यांना कळतं, की ज्याला आपण म्हातारपण समजत होतो, ते दुखणं होतं.