सुईणीच्या हातापासून रुग्णसहायिकेच्या दाखल्यापर्यंत

मंडळाचा वर्धापनदिन जवळ आला की स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असा चिटणीसबाईंचा आग्रह सुरू होतो. यंदा विषय शोधण्यास लांब जावे लागले नाही. दिघोरीतल्या आपल्याच एका भगिनीची मुलगी गेल्या वर्षी रुग्णसहायिकेचा, म्हणजे नर्सिंग असिस्टंटचा, अभ्यासक्रम पुरा करून बसली. ‘हायब्रिड वर्ग’ असे त्याचे नाव. अर्धे शिक्षण घरी मोबाईलवर आणि अर्धे रुग्णालयात, असे फी भरताना सांगितले होते. मोबाईलवरचे अर्धे झाले. रुग्णालयातले अर्धे कधी आलेच नाही. सोनेरी किनारीचे प्रमाणपत्र मात्र टपालाने वेळेवर आले. ते घेऊन पोर शहरातल्या एका दवाखान्यात गेली, तेव्हा तेथील मोठ्या सिस्टरने तिला एवढेच विचारले, “अंथरुणाला खिळलेल्या माणसाला कुशीवर कशी वळवशील, दाखव.” तिला ते दाखविता आले नाही. धान विकून भरलेले पैसे गेले आणि पोरीचे एक वर्षही गेले.

मंडळाच्या बैठकीत यावर पुष्कळ बोलणे झाले. कोणी म्हणाल्या, घरबसल्या शिकण्याचे हे खूळच खोटे. कोणी म्हणाल्या, मग रोवणी-कापणी आणि लेकरेबाळे सांभाळणाऱ्या बायांनी शिकावे तरी कसे? दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. म्हणून रुग्णसेवेचे हे शिक्षण आपल्या बायांपर्यंत कोणत्या वाटेने आले, ते थोडे मागे जाऊन पाहावे असे वाटले.

पहिली शिक्षिका अर्थातच गावची सुईण. ती कोणत्या शाळेत शिकली? एका म्हातारीला मी हे विचारले होते. ती म्हणाली, “सासूच्या मांगं मांगं फिरून.” शेकडो बाळंतपणे पाहून तिच्या हाताला जे कळत असे ते पुस्तकात मिळणारे नव्हते. पण त्या हाताला एक गोष्ट ठाऊक नव्हती, ती म्हणजे डोळ्यांना न दिसणारा जंतू. नाळ कापण्यास विळा किंवा हाताशी असेल ते पाते घेतले जाई, आणि आठवड्याभरात बाळ धनुर्वाताने आखडून जाई. लोक दैवाला बोल लावीत. उकळलेले पाते, स्वच्छ हात आणि स्वच्छ दोरा एवढ्यानेच पुष्कळ बाळे वाचली असती. पुढे गरोदर मातांना धनुर्वाताची लस मिळू लागली, बाळंतपणे रुग्णालयात होऊ लागली, आणि अखेर २०१५ साली माता व नवजात बालकांचा धनुर्वात भारतातून हटल्याचे जाहीर झाले.

सुईणीला शिकविण्याचे प्रयत्न इंग्रजी अमदानीतच सुरू झाले होते. १८८५ साली लेडी डफरिन यांच्या नावाचा निधी उभा राहिला. भारतीय स्त्रियांना स्त्री-डॉक्टर, शिकलेल्या परिचारिका आणि सुइणी मिळाव्यात हा त्याचा हेतू. नागपूरचे डफरिन रुग्णालय हे त्याच निधीच्या नावाचे. पुढे १९०३ साली लेडी कर्झन यांनी खास दायांच्या शिक्षणासाठी आणखी एक निधी काढला. त्या काळी अनेक ठिकाणी वर्गाला येणाऱ्या दायांना वर पैसे देत असत, कारण वर्गाला बसले तर त्यांचा रोज बुडे. आज आपल्या मुली शिकण्यासाठी पैसे भरतात. तेव्हा शिकणारणीला पैसे देऊन बोलवावे लागे. काळ असा पालटला आहे.

परिचर्येला शाळेचे रूप दिले ते फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी. क्रिमियाच्या युद्धात जखमी सैनिकांची शुश्रूषा करून त्या परतल्या आणि १८६० साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांनी परिचारिकांची शाळा काढली. ही शाळा रुग्णालयाच्या आतच होती, ही ध्यानात ठेवण्याची गोष्ट. मुलींनी वॉर्डात राहून, अनुभवी सिस्टरच्या नजरेखाली काम करीत शिकावयाचे. व्याख्याने होती, वह्या होत्या, परीक्षाही होत्या. परंतु मुख्य पाठ्यपुस्तक म्हणजे खाटेवरचा रोगी.

हीच रीत मुंबईत आली. १८८६ च्या सुमारास तेथे परिचारिकांचे शिक्षण सुरू झाले, आणि १८९१ साली शिकण्यास आलेल्या बाई काशीबाई गणपत यांची पहिल्या भारतीय परिचारिका म्हणून नोंद केली जाते. त्यानंतर सहाच वर्षांनी पुण्यात प्लेग उसळला. सावित्रीबाई फुले यांच्यापाशी परिचर्येचा कोणताच दाखला नव्हता, तरी त्या प्लेगच्या रोग्यांची सेवा करीत राहिल्या आणि त्याच रोगाने १० मार्च १८९७ रोजी त्यांनी देह ठेवला. दाखल्यावाचूनही सेवा होते, हे त्यांनी दाखविले. पण पोटासाठी सेवा करू पाहणाऱ्या गरीब बाईला दाखल्यावाचून कोणी उभे करीत नाही, हेही तितकेच खरे.

हे ओळखले ते रमाबाई रानडे यांनी. १९०९ साली पुण्यात सेवासदन सुरू झाले, आणि तेथून स्त्रियांना ससून रुग्णालयात परिचारिकेच्या शिक्षणासाठी पाठविले जाऊ लागले. त्यांत विधवा पुष्कळ. परक्या माणसाच्या अंगाला हात लावायचा, मलमूत्र काढायचे, रात्री घराबाहेर राहायचे, अशा कामाला घरच्या मुली पाठविण्यास लोक राजी नव्हते. निंदा झाली. तरी सेवासदनाच्या मुली शिकल्या आणि आपल्या पायांवर उभ्या राहिल्या.

आता आपल्या विदर्भाकडे वळू. नागपूरच्या कमलाताई होस्पेट यांचे नाव जुन्या भगिनींना सांगावयास नको; नव्या मुलींनी ते मुद्दाम ध्यानात ठेवावे. त्यांचा जन्म १८९६ सालचा. कोवळ्या वयात वैधव्य आले. कोपऱ्यात बसून आयुष्य काढावे, एवढीच समाजाची त्यांच्याकडून अपेक्षा. त्या मात्र नागपूरच्या डफरिन रुग्णालयात गेल्या आणि परिचर्या व सुईणकाम शिकल्या. शिक्षण पुरे झाल्यावर १९२१ साली वेणूताई नेने यांच्या साथीने त्यांनी मातृसेवा संघ काढला. मोजक्या खाटांचे ते लहानसे प्रसूतिगृह होते. त्याचा पुढे केवढा वृक्ष झाला! प्रसूतिगृहे निघाली, परिचारिकांच्या शिक्षणाची सोय झाली, नागपूरबाहेरही शाखा गेल्या. १९६१ साली सरकारने त्यांना पद्मश्री दिली. १९८१ साली त्या गेल्या. आपण शिकून उभे राहावे आणि मग दुसरीला हात द्यावा, हा धडा त्यांनी आयुष्यभर गिरविला. त्यांच्या ठायी हाताचे कसब आणि दाखला या दोन्ही गोष्टी एकत्र होत्या, म्हणूनच हे घडू शकले.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर देशाची स्थिती काय होती? भोर समितीने १९४६ साली आपला अहवाल दिला. तीत परिचारिकांची संख्या ७ हजारांच्या आसपास धरली होती, म्हणजे ४३ हजार लोकांमागे एक! आपला भंडारा जिल्हा तेव्हा मध्य प्रांतात होता. आडरानातल्या गावाच्या वाट्याला त्या सात हजारांतून किती येणार? पूर्ण शिक्षणाच्या परिचारिका खेड्यांना पुरणार नाहीत हे उघड होते. म्हणून १९५१ साली पंजाबात तरणतारण येथील सेंट मेरी रुग्णालयात साहाय्यक परिचारिका-प्रसविका, म्हणजे एएनएम, यांचा दोन वर्षांचा पहिला अभ्यासक्रम सुरू झाला. पुढच्याच वर्षी सामूहिक विकास योजना आली, तिच्याबरोबर प्राथमिक आरोग्य केंद्रे आली, मागाहून उपकेंद्रे झाली, आणि आपण जिला ‘नर्सबाई’ म्हणतो ती गावात आली. सुईणीचे काम आणि शाळेतली विद्या यांची गाठ खेड्यात पडली ती अशी.

तरीही नर्सबाई एक आणि गावे अनेक. ही उणीव भरून काढण्यासाठी महाराष्ट्रातच दोन मोठे प्रयोग झाले. पहिला जामखेडचा. डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली तेथे काम सुरू केले. गावातल्याच बायांना, कित्येकींना अक्षरओळखही नव्हती, त्यांनी आरोग्यसेविका केले. या बाया ठराविक दिवशी जामखेडला येत, शिकत, आणि गावी परतून शिकलेले करून पाहत. पुढच्या खेपेला आपल्या अडचणी घेऊन पुन्हा येत. थोडे शिक्षण केंद्रात आणि थोडे गावात, असे हे दुहेरी शिक्षण होते. १९७९ साली आरोळे दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

दुसरा प्रयोग आपल्या शेजारच्या गडचिरोलीचा. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत थोड्याफार शिकलेल्या बायांना नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घेण्यास शिकविले. बाळाचे वजन करावयाचे, श्वास मोजावयाचे, ऊब द्यावयाची, जंतुदोषाची लक्षणे ओळखावयाची आणि उपचारही करावयाचे. प्रयोगाच्या तिसऱ्या वर्षी, जेथे हे काम नव्हते त्या गावांच्या तुलनेने, नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात हे छापून आले. या बाया डॉक्टर नव्हत्या की परिचारिका नव्हत्या. परंतु त्यांना नुसती व्याख्याने ऐकवून सोडले नव्हते. त्यांचे काम वेळोवेळी तपासले जात होते. पुढे आशाताईंकडे घरोघरच्या बाळांची जबाबदारी आली, तिच्यामागे हाच अनुभव होता.

आता दूरशिक्षणाविषयी. तेही काही कालचे खूळ नव्हे. इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाने १९९४ साली नोकरीत असलेल्या परिचारिकांसाठी पदवीचा अभ्यासक्रम सुरू केला. पुस्तके घरी आणि प्रात्यक्षिक रुग्णालयात. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने रुग्णसहायकाचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम चालविला. करोनाच्या काळात माणसांची निकड भासली तेव्हा १८ जून २०२१ रोजी केंद्र सरकारने १ लाख लोकांना सहा प्रकारच्या साहाय्यक कामांचे अल्प मुदतीचे शिक्षण देण्याची योजना काढली. घरी रुग्णाची काळजी घेणे हे त्यांतलेच एक काम. त्यातही वर्गानंतर प्रत्यक्ष रुग्णालयात काम करणे हा शिक्षणाचाच भाग ठेवला होता.

एवढा प्रवास पाहिल्यावर एक गोष्ट स्पष्ट दिसते. लंडनची शाळा असो, ससून असो, डफरिन असो, जामखेड असो की शोधग्राम. परिचर्येचे शिक्षण रोग्यापासून दूर राहून कोठेच पुरे झाले नाही. शरीराची रचना, स्वच्छतेचे नियम, आहार, नाडी व तापाची नोंद कशी ठेवावी, हे मोबाईलवर ऐकून कळू शकते. किंबहुना चार वेळा ऐकता येते, चूल सांभाळून ऐकता येते, ही मोठीच सोय आहे. पण पाठीला जखम होऊ न देता रोग्याला कसे वळवावे, अशक्त माणसाला ठसका न लागू देता कसे भरवावे, उठविताना त्याची लाज कशी राखावी, हे हातानेच हाताला शिकवावे लागते. सुईणीकडे हात होता आणि कागद नव्हता. आपल्या पोरीला कागद मिळाला आणि हात मिळाला नाही. अपुऱ्या दोघीही, पण सुईणीला निदान फी भरावी लागली नव्हती.

म्हणून बैठकीत ठरलेले येथे नोंदवून ठेवते. कोणतीही मुलगी किंवा सून अशा वर्गास जाणार असेल, तर मंडळातल्या दोघीजणी तिच्याबरोबर जातील आणि पैसे भरण्यापूर्वी तीन प्रश्न विचारतील. प्रात्यक्षिक कोणत्या रुग्णालयात, किती दिवस, ते लिहून द्याल का? प्रमाणपत्र कोणाच्या शिक्क्याचे? आणि या दाखल्यावर कोणते काम करता येईल? तिसरा प्रश्न विशेष महत्त्वाचा. रुग्णसहायिका म्हणजे परिचारिका नव्हे. न्हाऊ-माखू घालणे, भरविणे, अंथरूण बदलणे, नोंदी ठेवणे, परिचारिकेला हाताखाली मदत करणे, हे तिचे काम. परिचारिका किंवा एएनएम व्हावयाचे तर बारावीनंतर मान्यताप्राप्त शाळेत रीतसर शिकून महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नाव नोंदवावे लागते. त्याला आडवाट नाही.

आणि ती पोर? रोज दुपारी ती मंडळात येते. आमच्यातल्या एक निवृत्त नर्सबाई सतरंजीवर स्वतः आडव्या होतात आणि तिला म्हणतात, “हं, आता वळव मला.” पहिल्या दिवशी दोघी हसून हसून बेजार झाल्या. आता ती बऱ्यापैकी वळविते. हा काही अभ्यासक्रम नव्हे आणि त्याचा दाखला कोणी देणार नाही. पण पुढच्या वर्षी ती खऱ्या वर्गास जाईल तेव्हा रिकाम्या हाताने जाणार नाही, आणि फी भरताना आमच्यातल्या दोघी तिच्या शेजारी उभ्या असतील.