रानांतली हाळी

स्वीडनमधील डालार्ना, हेर्येदालेन, येम्टलंड या रानवट प्रांतांत पिकाऊ जमीन थोडी. ती धान्यासाठीं व हिंवाळ्याच्या वैरणीसाठीं राखावी आणि उन्हाळा लागतांच गुरें दूरच्या 'फेबूद' नांवाच्या रानवाडीवर न्यावीं, अशी तेथील शेतकऱ्यांची शतकानुशतकांची रीत. वाडीवर राहात त्या बहुतेक स्त्रियाच. सकाळीं दूध काढून गुरें रानांत सोडावयाचीं व सायंकाळीं हाळी घालून परत आणावयाचीं. या हाळीलाच 'कूलनिंग' म्हणतात.

१६८६ मध्यें अकराव्या कार्ल राजानें मुलग्यांनीं गुरें राखूं नयेत असें फर्मान काढलें. पशूंशीं अनाचार घडेल ही त्याची भीति! केवळ फर्मानानें रीत पडली असें आम्हांस वाटत नाहीं, परंतु एका स्त्री-कलेच्या इतिहासांत असलें कलम यावें हें चमत्कारिक खरें.

हें गाणें म्हणावें कीं ओरडणें? स्वर अत्यंत उंच, टोंकदार व कंपरहित. शब्द थोडे, त्यांत गाईंचीं नांवें, आणि मधूनच वर उसळून खालीं उतरणारी तान. कांहीं स्वर पियानोच्या पट्ट्यांत बसतच नाहींत. साधें बोलणें झाडींत विरतें. हा आवाज कोसभर जातो आणि गाय आपल्या धनिणीचा गळा ओळखून घंटा वाजवीत परतते. शेळ्यांची हाळी निराळी, जनावर हरवल्याचें वा सांपडल्याचें शेजारच्या वाडीस कळविण्याची निराळी. अस्वल-लांडग्यांना पिटाळण्यास शिंग फुंकीत; भूर्जाच्या सालींत गुंडाळलेला लांब 'लूर'ही असे.

स्वीडनच्या राष्ट्रगीताचे शब्द १८४४ मध्यें रचणाऱ्या रिचर्ड डिबेकनें १८४६ मध्यें असे सूर छापून प्रसिद्ध केले. त्याचे उपकार मोठे आहेत. तथापि शहरी दिवाणखान्यांत पोंचतांच या हाळीला निसर्गाच्या भोळ्या सुराचें रूप आलें, असें आमचें मत आहे. चुकलेली गाय रात्रीं रानांत राहिली तर घरचें दूध-लोणी बुडे आणि जाब त्या मुलीला द्यावा लागे. ही धास्ती कागदावरील स्वरलेखनांत कशी उतरावी?

विसाव्या शतकांत बहुतेक वाड्या ओस पडल्या. ट्रान्सट्रांडच्या कारिन एडवर्डसन योहान्सन या बाईंचा आवाज स्वीडिश आकाशवाणीनें वेळींच मुद्रित केला, म्हणून तो आपणांस ऐकावयास मिळतो. डिसेंबर २०२४ मध्यें युनेस्कोनें नॉर्वे व स्वीडनमधील या उन्हाळी वाड्यांची परंपरा अमूर्त वारशाच्या यादींत घेतली. संगीतशाळांतून आज ही हाळी शिकवितात, आणि उरल्यासुरल्या वाड्यांवर अजूनही कांहीं गाई तिला ओ देतात.