बोट, विमान आणि बोरघाट : मुंबईहून परदेशी निघण्याच्या धावपळीचा इतिहास

२० मार्च १८३० रोजी 'ह्यू लिंडसे' नावाची आगबोट मुंबईहून सुएझकडे निघाली. ती मुंबईच्याच गोदीत बांधलेली होती. तिच्या पोटात साडेपाच दिवसांच्या कोळशाची सोय होती आणि एडनपर्यंतचा पल्ला त्याच्या दुप्पट. त्यामुळे प्रवाशांच्या खोल्याही कोळशाने भरून ती रवाना झाली. सुएझला पोहोचायला ३३ दिवस लागले; त्यांतले सुमारे १२ दिवस वाटेत कोळसा भरण्यातच गेले. या सफरीचे महत्त्व वेगापेक्षा वेळापत्रकात आहे. त्याआधी शिडाचे जहाज वाऱ्याच्या मर्जीने सुटे. कप्तान 'उद्या' म्हणाला तरी प्रत्यक्षात आठवडा लोटे, आणि अशा जहाजाला तासाभराने मुकण्याचा प्रश्नच नव्हता. वाफेने वाऱ्याची सत्ता संपवली आणि सुटण्याची वेळ ठरवून देता येऊ लागली. वेळ ठरली तशी ती चुकण्याची भीतीही जन्माला आली. परदेशी निघणाऱ्याच्या धावपळीचा इतिहास मुंबईपुरता तरी इथून सुरू होतो.

१८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाला आणि १८७० मध्ये मुंबई–कलकत्ता रेल्वेमार्ग जोडला गेला. या दोन घटनांनी मुंबई हे हिंदुस्थानचे पश्चिमेकडचे दार बनले. विलायतेची डाक दर आठवड्याला मुंबईहून जाऊ लागली. ती नेण्याचा सरकारी करार पी अँड ओ कंपनीकडे होता, आणि प्रवाशाचे नशीब या डाकेच्या पिशव्यांना बांधलेले होते. देशाच्या कानाकोपऱ्यातून पत्रे घेऊन येणारी गाडी आणि धक्क्यावर उभी असलेली बोट यांच्या वेळा एकमेकींशी जुळवलेल्या असत. पुढे बॅलार्ड पियरवर रूळ थेट धक्क्यापर्यंत नेले गेले. १९२८ मध्ये सुरू झालेली फ्रंटिअर मेल हंगामात थेट बॅलार्ड पियरहून सुटे, म्हणजे विलायतेहून उतरलेला प्रवासी बोटीतून निघून काही पावलांत गाडीत बसे. रेल्वे, टपालखाते आणि बोट कंपनी या तिघांनी मिळून प्रवाशाची शेवटची धाव स्वतःच्या अंगावर घेतली होती. इतकी सोय विमानाच्या युगात क्वचितच कोणाच्या वाट्याला आली आहे.

तरीही मुंबईकराला एक अडचण होती, ती घड्याळाची. शहराचे घड्याळ सूर्याप्रमाणे, म्हणजे ग्रीनिचच्या ४ तास ५१ मिनिटे पुढे चाले. रेल्वे मात्र मद्रासच्या वेळेने धावे आणि ती मुंबईच्या अर्धा तास पुढे होती. शहरातले घड्याळ पाहून बोरीबंदरला निघालेल्या माणसाने हा अर्धा तास मनात वजा केला नाही, तर फलाट रिकामा. १८८१ मध्ये गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांनी मुंबईवर मद्रासची वेळ लादून पाहिली. विरोध इतका झाला की दोन वर्षांत ती मागे घ्यावी लागली. १९०६ पासून देशभर ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढची प्रमाण वेळ आली आणि फरक ३९ मिनिटांवर गेला. नगरपालिकेने आपली जुनी वेळ स्वातंत्र्यानंतरच सोडली. त्या काळातल्या गाडी चुकण्याला आळसाइतकेच हे दोन वेळांचे राज्य कारणीभूत होते, ही गोष्ट फारशी कोणी लक्षात घेत नाही.

बोट गाठण्याच्या धावपळीचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण १९३१ चे आहे. दुसऱ्या गोलमेज परिषदेला जायचे की नाही, याचा निर्णय महात्मा गांधींनी अखेरपर्यंत राखून ठेवला होता. व्हाइसरॉय लॉर्ड विलिंग्डन यांच्याशी शिमल्यात बोलणी सुरू होती आणि मुंबईहून 'राजपुताना' बोट २९ ऑगस्टला सुटणार होती. २७ ऑगस्टला समझोता झाला. शिमल्याहून कालक्याला उतरण्यासाठी खास गाडी सोडण्यात आली, पुढे मैदानातला लांब पल्ला रेल्वेने कापून गांधीजी २९ तारखेला मुंबईत पोहोचले आणि त्याच दिवशी बोटीत चढले. हिमालयाच्या कुशीतून अरबी समुद्रापर्यंतचा प्रवास दोन दिवसांत साधला, कारण सरकारलाच त्यांनी पोहोचायला हवे होते. सामान्य प्रवाशासाठी खास गाडी सुटत नसे. त्याचा उपाय एकच होता : कित्येक दिवस आधी येऊन थांबणे.

या थांबण्याने मुंबईच्या काही भागांना आकार दिला. क्रॉफर्ड मार्केटजवळचा साबू सिद्दिक मुसाफिरखाना हजच्या यात्रेकरूंसाठी होता. जहाज लागेपर्यंत गावोगावचे यात्रेकरू तिथे मुक्काम करत, आणि हजची समुद्रमार्गे वाहतूक १९९५ पर्यंत चालू राहिली. धोबीतलाव आणि माझगावच्या परिसरात गोव्यातल्या गावांचे 'कूड' होते. बोटीवर नोकरी करणारा गोवेकर खलाशी किंवा स्वयंपाकी आपल्या गावाच्या कुडात ट्रंक ठेवून नोकरीच्या बोलावण्याची वाट पाही. सायंकाळचा जप, सामायिक जेवण, भिंतीलगत रांगेने ठेवलेल्या ट्रंका असे तिथले दिवस होते. या लोकांना घाई नव्हती असे नाही. त्यांनी घाईची किंमत आठवड्यांच्या वेळेने आधीच मोजलेली असे. पुढे आखाती देशांच्या नोकऱ्या सुरू झाल्यावर कोकणातून आलेला तरुण मोहम्मद अली रोडच्या परिसरातल्या एखाद्या लॉजमध्ये दहाजणांच्या खोलीत व्हिसाची वाट पाहू लागला, तेव्हा त्याने ही जुनीच पद्धत पुढे चालवली.

विमान आले ते प्रथम मुंबईला वगळून. मार्च १९२९ मध्ये इम्पीरियल एअरवेजची लंडन–कराची सेवा सुरू झाली, म्हणजे मुंबईच्या पत्राला आधी कराची गाठणे भाग होते. ती उणीव भरून काढण्यासाठी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूच्या मैदानात डाक आणली. स्वातंत्र्यानंतर ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे 'मलबार प्रिन्सेस' हे विमान मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला गेले. त्यात ३५ प्रवासी होते. आठवड्यातून एकच फेरी, मोजके प्रवासी आणि सांताक्रूझपर्यंत मोकळा रस्ता, अशा त्या काळात विमान चुकण्यासाठी बराच हलगर्जीपणा करावा लागे. प्रवासी विमान कंपनीच्या शहरातल्या कार्यालयात जमत आणि कंपनीच्याच बसने विमानतळावर जात. बोटीच्या काळातली जबाबदारीची वाटणी अजून पूर्ण मोडलेली नव्हती.

ती मोडली १९७० च्या दशकात. १९७१ मध्ये एअर इंडियाचे पहिले जंबो जेट 'एम्परर अशोक' आले आणि एका विमानात साडेतीनशेच्या आसपास माणसे बसू लागली. १९७३ च्या तेलदरवाढीनंतर आखातात कामगारांची मागणी वाढली. सांताक्रूझची इमारत अपुरी पडू लागली, १९७९ मध्ये तिथे मोठी आग लागली, आणि १९८१ पासून आंतरराष्ट्रीय उड्डाणे सहारच्या नव्या इमारतीतून होऊ लागली. देशांतर्गत विमाने सांताक्रूझला, परदेशी विमाने सहारला; धावपट्ट्या त्याच, पण दारे वेगळी आणि त्यांच्यामध्ये काही किलोमीटरचा गजबजलेला रस्ता. टॅक्सीवाल्याला नुसते 'एअरपोर्ट' सांगून चुकीच्या दारात उतरलेल्यांची गणना कोणी ठेवली नाही, पण मुंबईबाहेरून येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक कुटुंबाला या चुकीची धास्ती असे.

कागदपत्रांचा भार याच काळात सर्वाधिक होता. परकीय चलनाची टंचाई असल्यामुळे प्रवाशाला एकेकाळी जेमतेम ८ डॉलर बरोबर नेता येत. तिकिटासाठी रिझर्व्ह बँकेचा 'पी फॉर्म' लागे. १९८३ च्या उत्प्रवास कायद्याने कमी शिकलेल्या कामगारांच्या पारपत्रावर मंजुरीचा शिक्का सक्तीचा केला. कामगारांची फसवणूक रोखण्यासाठी तो आवश्यक होता, पण तो शिक्का नसल्याचे इमिग्रेशनच्या खिडकीसमोर कळले, की शेत गहाण टाकून काढलेले तिकीट तिथेच वाया जाई. त्याखेरीज परदेश प्रवास कराचा भरणा आणि निर्गमनाचे कार्ड. ते कार्ड भरायला पेन लागे आणि पेन कोणाकडेच नसे. भारतीय प्रवाशांसाठी हे कार्ड १ जुलै २०१७ रोजी बंद झाले.

२३ जून १९८५ रोजी एअर इंडियाच्या 'कनिष्क' विमानात स्फोट होऊन ३२९ जणांचा मृत्यू झाला. बॉम्ब असलेली बॅग विमानात होती, तिचा मालक नव्हता. या घटनेनंतर प्रवासी आणि त्याचे सामान यांची सांगड घालणे जगभर कठोर झाले : प्रवासी विमानात चढला नाही, तर त्याची बॅग शोधून उतरवायची. म्हणून बॅग देऊन दरवाजाशी न पोहोचलेला एक माणूस सगळ्या विमानाला उशीर करू शकतो. काउंटर सुटण्याच्या तासभर आधी बंद होण्यामागे जी कारणे आहेत, त्यांत हे एक महत्त्वाचे आहे. पुढे २००० पासून विमानतळांची सुरक्षा केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे जाऊ लागली, २००६ पासून हातातल्या सामानातल्या द्रवपदार्थांवर १०० मिलिलिटरची मर्यादा आली, आणि तीन तास आधी पोहोचण्याचा दंडक रूढ झाला. जेट विमानाने लंडनचा प्रवास नऊ-दहा तासांवर आणला, आणि त्याआधीचे घर ते विमान हे अंतर मात्र अर्ध्या-पाऊण दिवसाचे झाले. सगळी जबाबदारी आता प्रवाशाच्या एकट्याच्या शिरावर होती.

मुंबईच्या विमानांची वेळ हा आणखी एक काच. युरोपला सकाळी पोहोचले की पुढे अमेरिकेची विमाने मिळतात. युरोपातल्या अनेक विमानतळांवर रात्रीच्या उड्डाणांवर बंधने आहेत, मुंबईत तशी नाहीत. म्हणून मुंबईहून निघण्याची वेळ मध्यरात्र ते पहाट यांच्यामध्ये येऊन बसली. त्यातून तारखेचा घोटाळा होतो. १२ तारखेला रात्री साडेबाराचे विमान असेल, तर घरातून ११ तारखेच्या संध्याकाळी निघायचे असते. १२ च्या संध्याकाळी निघालेल्यांचे विमान केव्हाच गेलेले असते.

या वेळांचा सर्वाधिक जाच पुण्याला झाला. लोहगावचा विमानतळ हवाई दलाचा, परदेशी उड्डाणे तिथे कायमच मोजकी, त्यामुळे अमेरिकेला निघालेल्या पुणेकराला सुमारे दीडशे किलोमीटर दूरचे सहार गाठावे लागे. मध्ये बोरघाट. १८३० मध्येच, 'ह्यू लिंडसे' सुएझला गेली त्या वर्षी, गव्हर्नर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत या घाटातून गाडीरस्ता खुला झाला होता. रेल्वे घाट १८६३ मध्ये चढली. पण मोटारींच्या काळात खंडाळा ते खोपोली हा वळणांचा उतार म्हणजे एक ट्रक बंद पडला की सगळी वाहतूक ठप्प. २००२ मध्ये पूर्ण झालेल्या द्रुतगती मार्गाने घाट सुसह्य केला. मात्र त्याने उशीर संपवला नाही, पुढे ढकलला. रात्री दोनच्या विमानासाठी अकराला पोहोचायचे, म्हणून पाचच्या सुमारास पुणे सोडायचे, आणि मग पनवेल, वाशी, मानखुर्द, चेंबूर हा पट्टा नेमका संध्याकाळच्या गर्दीत लागायचा. भाड्याच्या गाडीत जागा विभागून घेतली, तर इतरांना घरोघरी उचलण्यात तासभर जाई. त्यात निघताना देवाला नमस्कार, हातावर दही, शेजाऱ्यांचा निरोप. आणि काउंटरवर वजन जास्त भरले की बॅगा उघडून लोणचे ठेवायचे की पुस्तके, याचा निवाडा रांगेसमोर.

पावसाळ्यात तर हिशोबच चालत नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. धावपट्टीलगत मिठी नदी आहे. विमानतळ तीसहून अधिक तास बंद राहिला. त्या दिवशी वेळेत पोहोचलेले आणि न पोहोचलेले सारखेच अडकले.

त्यानंतरची कामे या शेवटच्या पट्ट्यावर केंद्रित झालेली दिसतात. १२ फेब्रुवारी २०१४ रोजी सहारचे नवे टर्मिनल २ सुरू झाले आणि त्याच दिवशी पश्चिम द्रुतगती महामार्गावरून तिथपर्यंत जाणारा उन्नत रस्ता. त्याच वर्षी सांताक्रूझ–चेंबूर जोडरस्ता आला. जानेवारी २०२४ मध्ये खाडीवरून जाणारा २१.८ किलोमीटरचा अटल सेतू खुला झाला. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या भुयारी मेट्रोला दोन्ही टर्मिनलांजवळ स्थानके आहेत. मुंबईतल्या प्रवाशाला सिग्नल टाळून विमानतळ गाठण्याचा मार्ग मिळाला. ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन झाले. तो पुण्याहून येताना खाडीच्या अलीकडे, पनवेलजवळ आहे. पुण्याहून येणाऱ्याच्या वाटेतला सर्वांत बेभरवशाचा टप्पा त्यामुळे गळतो. मात्र एका महानगराला दोन विमानतळ झाल्याने तिकिटावरचे नाव नीट वाचण्याची गरज वाढली आहे : सांताक्रूझ आणि सहार यांच्यातली चूक टॅक्सीने अर्ध्या तासात सुधारता येई, सहार आणि नवी मुंबई यांच्यातली चूक खाडी ओलांडून सुधारावी लागेल.