शिरगणती आणि मतपेटी

निवडणूक जवळ आली की ‘आपली मते किती?’ हा हिशेब ज्ञातीज्ञातींत सुरू होतो. त्या हिशेबाची मर्यादा अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या इतिहासावरून ध्यानात येते.

इ. स. १९५२ ते १९८८ या काळातील दहा अध्यक्षीय निवडणुकांपैकी नऊ वेळा त्या राज्याने रिपब्लिकन पक्षाला कौल दिला. १९९२ पासून २०२४ पर्यंत मात्र प्रत्येक वेळी डेमोक्रॅटिक पक्षालाच. मेक्सिको, मध्य अमेरिका व आशिया येथून आलेल्यांची वस्ती वाढली, हे त्याचे एक प्रमुख कारण होय. परंतु वस्ती वाढली म्हणजे मत आपोआप फिरते असे नाही. १९९४ साली, परवानगीवाचून देशात राहणाऱ्या मुलांना सरकारी शाळांची दारे बंद करणारा १८७ क्रमांकाचा प्रस्ताव तेथे जनमताने संमत झाला. रिपब्लिकन गव्हर्नर पीट विल्सन त्याचे पुरस्कर्ते होते. न्यायालयाने तो रोखला. तथापि दुखावलेल्या हजारो कायदेशीर स्थलांतरितांनी नागरिकत्व घेऊन मतदारयादीत नावे नोंदविली. ज्याचा जन्म शाळेत गेला, त्या मला याचे नवल वाटत नाही.

पुढे २०२४ साली याच समाजातील बरीच मते पुन्हा रिपब्लिकनांकडे वळली. तात्पर्य, शिरगणती कोणाच्याही पदरी कायमची बांधलेली नसते. ज्ञातिबांधवहो, आपली डोकी मोजणाऱ्यास आपल्या मुलांच्या शाळेविषयी प्रथम विचारावे. मताचा विचार त्यानंतर.