डायलिसिसवरच्या रुग्णाला फॅटी लिव्हर : दारू नाही, मग हे आलं कुठून?

'आमच्या घरात कुणी दारूला शिवत नाही, मग अब्बांचं लिव्हर खराब कसं?' सोनोग्राफीच्या रिपोर्टवर 'फॅटी लिव्हर, ग्रेड २' असं लिहून आलं की आपल्या घरांत पहिला प्रश्न हाच निघतो. कधी तो मोठ्याने विचारला जातो, कधी मनातल्या मनात. मग रिपोर्ट कपाटात जातो, नातेवाईकांना सांगायचं नाही असं ठरतं, आणि डायलिसिसच्या डॉक्टरांनाही तो दाखवायचा राहून जातो. नुकसान इथेच होतं.

ठाकूरद्वारच्या आसपास राहणाऱ्यांना उपचारासाठी लांब जावं लागत नाही. चर्नी रोड स्टेशनसमोर सैफी, प्रार्थना समाजजवळ एच. एन., थोडं पुढे गेलं की जे. जे. आणि नायर. आठवड्यातून तीन वेळा, दर वेळी साधारण चार तास, असं हे वेळापत्रक वर्षानुवर्षं चालतं. सगळं लक्ष किडनीकडे, क्रिएटिनिनकडे, फिस्टुलाकडे. लिव्हरची आठवण कुणाला येत नाही.

दारूचा संशय आधी बाजूला ठेवू. लिव्हरच्या पेशींपैकी पाच टक्क्यांहून जास्त पेशींत चरबी साठली की त्याला फॅटी लिव्हर म्हणतात. दारू हे त्याचं एक कारण आहे, पण एकमेव नाही. डायबिटीस, वाढलेलं पोट, ब्लड प्रेशर, रक्तातले वाढलेले ट्रायग्लिसराइड यांतूनही हाच आजार होतो. पूर्वी त्याला 'नॉन-अल्कोहोलिक' म्हणत, म्हणजे नाव घेतानाही दारूचा उल्लेख व्हायचाच. २०२३ मध्ये जगभरातल्या लिव्हर तज्ज्ञांच्या संघटनांनी हे नाव बदललं आणि चयापचयाच्या बिघाडाशी जोडलेलं नवं नाव दिलं. डॉक्टर आता त्याला 'एमएएसएलडी' म्हणतात. रुग्णाला उगाच लाज वाटू नये, हेही त्या बदलामागचं एक कारण होतं. भारत सरकारने २०२१ मध्येच हा आजार डायबिटीस, कॅन्सर, हृदयरोगाच्या राष्ट्रीय कार्यक्रमात घेतला होता. त्यामुळे घरच्या माणसाकडे संशयाने बघायचं काही कारण नाही.

डायलिसिसवरच्या माणसात तो का दिसतो, हे सरळ आहे. किडनी निकामी होण्याचं सर्वात मोठं कारण डायबिटीस, त्याच्या पाठोपाठ ब्लड प्रेशर. ज्या बिघाडाने किडनी गेली, त्याच बिघाडाने लिव्हरमध्ये चरबी आणली. त्यात चालणं-फिरणं कमी झालेलं. पोटातून डायलिसिस करणाऱ्यांच्या पिशवीतल्या पाण्यात ग्लुकोज असतं, ते शरीरात शोषलं जातं आणि चरबीत भर घालतं. आणि डायलिसिसचं मशीन किडनीचं काम करतं, लिव्हरचं नाही. 'आता मशीनवर सगळं साफ होतं' हा समज बऱ्याच घरांत आहे, तो चुकीचा आहे.

रिपोर्ट वाचताना होणारी फसगत

हा भाग नीट वाचा, कारण इथे शिकलेली माणसंही चुकतात. साध्या माणसात लिव्हरला सूज आली की एसजीपीटी, एसजीओटी वाढतात. डायलिसिसच्या रुग्णात हे आकडे मुळातच कमी असतात. शरीरात साठलेलं पाणी आणि बी-६ जीवनसत्त्वाची कमतरता ही त्याची काही कारणं सांगितली जातात. म्हणजे लॅबच्या कागदावर 'नॉर्मल' छापून आलं तरी लिव्हर ठीकच आहे असं धरता येत नाही. आधी १५ असलेला एसजीपीटी दर वेळी चढत ३५ वर गेला, तर तो कागदावर नॉर्मलच दिसेल, पण डॉक्टरांना दाखवायला हवा. म्हणून जुने रिपोर्ट फेकू नका, एका फाइलमध्ये तारखेनुसार लावा.

उलटही होतं. अल्कलाइन फॉस्फेटेज वाढलेला दिसला की घरचे घाबरतात, पण किडनीच्या रुग्णात तो हाडांच्या आजारामुळेही वाढतो. फेरिटिन लोहाच्या इंजेक्शनांमुळे आणि शरीरातल्या सुजेमुळे वर जातं. अल्ब्युमिन कमी असण्यामागे खाणं कमी पडणं हेही कारण असू शकतं. गुगलवर एकेक आकडा शोधत बसण्यापेक्षा डॉक्टरांसमोर सगळे एकत्र ठेवलेले बरे.

सोनोग्राफीतली ग्रेड चरबी किती ते सांगते. लिव्हर किती कडक झालंय ते नाही. त्यासाठी फायब्रोस्कॅन करतात. तो उपाशीपोटी, निदान तीन तास काही न खाता करायचा. डायलिसिसच्या रुग्णाने आणखी एक विचारून घ्यावं : तपासणी डायलिसिसच्या आधी की नंतर? अंगात पाणी भरलेलं असताना लिव्हर आहे त्यापेक्षा कडक दिसतं, म्हणून पाणी काढल्यावर केलेला फायब्रोस्कॅन जास्त भरवशाचा.

आणि फॅटी लिव्हर म्हणून मोकळं होण्याआधी हिपॅटायटिस बी आणि सीची तपासणी झालीय ना, ते बघा. डायलिसिसमध्ये रक्ताचा संबंध येत असल्याने हा धोका कायम असतो. हिपॅटायटिस सी आता बहुतेक रुग्णांत १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी बरा होतो, डायलिसिसवर असतानाही. हिपॅटायटिस बीची लस डायलिसिसच्या रुग्णाला नेहमीच्या दुप्पट मात्रेत देतात आणि नंतर तिचा असर राहिलाय का ते रक्त तपासून बघतात.

जेवणाचा पेच

फॅटी लिव्हरचा डाएट म्हणून व्हॉट्सअॅपवर जे फिरतं, त्यात फळं, पालेभाज्या, बदाम-अक्रोड, शहाळ्याचं पाणी असतं. डायलिसिसच्या रुग्णाला यातलं बरंच पोटॅशियममुळे धोक्याचं, थेट हृदयाचे ठोके बिघडवणारं. उपास करून झटपट वजन उतरवणं तर नकोच. डायलिसिसवर प्रोटीन जास्त लागतं, वजनाच्या दर किलोमागे रोज १ ते १.२ ग्रॅम, ६० किलोच्या माणसाला ६० ते ७२ ग्रॅम. ते कमी पडलं तर चरबी राहते आणि स्नायू झिजतात. वजनकाट्यावर हे कळतही नाही, कारण झिजलेल्या स्नायूची जागा पाणी घेतं. वजन कमी करायचंच असेल तर डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ दोघांच्या नजरेखाली, हळूहळू.

दोन्ही आजारांना चालेल असंही पुष्कळ आहे. अंड्याचा पांढरा भाग, कातडी काढलेलं चिकन, ताजी मासळी (सुकट-बोंबील नको, मीठ फार), भाज्या कापून भरपूर पाण्यात उकळून ते पाणी फेकून केलेल्या. निहारी, पाया यांत चरबी, मीठ आणि फॉस्फरस तिन्ही. यांचा मोह आवरलेला बरा. साखरेची सरबतं, फालुदा, कोल्ड्रिंक लिव्हरलाही वाईट आणि पाण्याचं मोजमापही बिघडवणारी. शाळांबाहेर गाडीवर मीठ-मसाला लावून मिळणारं कमरख, म्हणजे स्टार फ्रूट, किडनीच्या रुग्णाने एक फोडही खाऊ नये. त्याने न थांबणाऱ्या उचक्या, भ्रम, झटके येतात आणि जीवही जाऊ शकतो.

रमजानमध्ये आजारी माणसाला रोजातून सवलत आहे, आणि पुढेही रोजा ठेवणं शक्य नसेल तर फिदयाची सोय आहे. तरीही काही बुजुर्ग ऐकत नाहीत. अशा वेळी डॉक्टरांचं म्हणणं आपल्या आलिमसाहेबांना सांगून त्यांच्याकडूनच समजावून घ्यावं. घरच्यांपेक्षा त्यांचा शब्द जास्त मानला जातो. इफ्तारला खजूर एखादाच. शीर खुर्म्यात सुका मेवा भरपूर असतो, तो चाखण्यापुरता.

औषधांबाबत

मेटफॉर्मिन डायलिसिसवर चालत नाही. जुन्या चिठ्ठीतली गोळी कुणी घेत नाही ना, ते बघा. 'लिव्हर टॉनिक', काढे, कुश्ते स्वतःच्या मनाने नकोत. कुश्त्यात धातू असतात आणि ते बाहेर टाकायला किडनी शिल्लक नसते. हकीमसाहेबांकडे जात असाल तर डायलिसिस चालू आहे हे त्यांना आधी सांगा. गुळवेल घेतल्यानंतर लिव्हरला सूज आलेल्या काही रुग्णांची नोंद मुंबईतल्याच डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली होती; आयुष मंत्रालयाने त्यावर हरकत घेतली. वाद काही असो, डायलिसिसच्या रुग्णाने हा प्रयोग अंगावर घेऊ नये. वजन आणि लिव्हरसाठी ज्या नव्या इंजेक्शनांची चर्चा आहे, त्यांचा डायलिसिसच्या रुग्णांतला अनुभव अजून थोडा आहे. ती मित्राच्या सांगण्यावरून सुरू करायची गोष्ट नाही.

पोट फुगणं, डोळे पिवळे होणं, काळी शौच, रक्ताची उलटी, किंवा माणूस बोलताना गोंधळणं यांतलं काही दिसलं तर पुढच्या डायलिसिसच्या वाराची वाट बघू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसतं. योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्र बसतो. रेशन कार्ड आणि आधार घेऊन त्याला भेटा आणि लिव्हरच्या तपासण्यांचंही विचारून घ्या. ट्रान्सप्लांटचा विचार असेल तर लिव्हरची स्थिती आधीच कळलेली बरी, कारण लिव्हर फार खराब असेल तर नुसती किडनी बसवून भागत नाही. भाऊ, बायको किंवा मुलगा किडनी द्यायला तयार असेल, तर त्यांचीही शुगर, ब्लड प्रेशर, लघवीतलं अल्ब्युमिन आणि सोनोग्राफी होते. जेवण सगळ्यांचं एकाच दस्तरख्वानवर होतं, त्यामुळे त्यांच्या रिपोर्टवरही 'फॅटी लिव्हर' निघालं तर नवल नाही. पुरुषाच्या कमरेचा घेर ९० सेंटिमीटरच्या आणि बाईचा ८० च्या पुढे असेल, तर किडनी देणं-घेणं नसलं तरी या तपासण्या करून घ्याव्यात.